डाव्या वळणावरचा भोंगा

खटखटेकाकांचं खरं आडनाव गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. दुकानावर पाटी होती, पण तिच्यावर नाव नव्हतं. 'कीबोर्ड दुरुस्ती' एवढंच, आणि त्यातल्याही 'दुरुस्ती'चा रंग उडालेला. दिवसभर आत बसून ते बटणं वाजवून बघत, म्हणून वरच्या मजल्यावर गेम खेळायला येणाऱ्या पोरांनी त्यांना खटखटे करून टाकलं. पुढे टपाल वाटणारासुद्धा त्याच नावानं हाक मारू लागला. काकांनी हरकत घेतली नाही. खऱ्या नावानं माणसाचं काही बिघडत नाही, बिघडतं ते टोपणनावानं, असं त्यांचं मत होतं. त्या मताला कारण होतं, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

दुकान म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीला पाठ लावून बसता येईल एवढी जागा. टेबलावर चिमटा, स्पिरिटची बाटली, कापूस, तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची सळई आणि सुटी बटणं भरलेला पत्र्याचा डबा. आलेला कीबोर्ड ते आधी उलटा करून झटकत. नखं, केस, बिस्किटाचा चुरा, कधी एखादी टाचणी. मालकाला जे तोंडानं सांगता येत नाही ते सगळं टेबलावर पडे. मग काका ते हाताच्या कडेनं गोळा करून कचऱ्यात टाकत आणि काही बोलत नसत.

त्यांच्या आयुष्याचे भाग पाडायचेच झाले तर ते पिनांवरून पाडावे लागतील. पोरवयात कीबोर्डाची पिन जाड आणि गोल होती, अंगठ्याएवढी. ते काम शिकले तेव्हा ती बारीक गोल झाली. दुकान घातलं तेव्हा चपटी पिन आली. बायको आली ती त्याच सुमारास, आणि दोन वर्षांनी माहेरी गेली ती गेलीच. आता तर पिनच नाही. हवेतून चालतात म्हणे. काकांना हे हवेतले कीबोर्ड आवडत नसत. "थोडा वेळ हात लावला नाही की झोपतात," ते म्हणत, "आणि उठवल्यावर पहिलं अक्षर खातात. आमचे मामा असेच होते."

खेळणारी पोरं मात्र त्यांच्यावर खूश असत.

"काका, याला एकदम किती बटणं चालतात?"

"तुला बोटं किती?"

"दहा."

"मग दहाच्या वर विचारायचं नाही."

"पण डब्यावर लिहिलंय, सगळी चालतात."

"डब्यावर हसणाऱ्या माणसाचा फोटोही आहे. तू हसतोयस का?"

मग ते समजावून सांगत. बटणांच्या खाली तारांचं जाळं असतं, काही उभ्या, काही आडव्या. जाळ्यातल्या एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले, की कीबोर्डाला चौथाही दाबल्यासारखा वाटतो. न दाबलेलं बटण दिसायला लागतं. त्याला धंद्यात भूत म्हणतात. हे भूत नको म्हणून स्वस्तातला कीबोर्ड तिसरं, खरंखुरं दाबलेलं बटणच गिळून टाकतो.

"खरं बटण गिळतो?"

"भुताला अडवण्यापेक्षा खऱ्याला गिळणं सोपं असतं."

चांगल्या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली एक बारकी एकमार्गी झडप बसवलेली असते, तिथं असा घोळ होत नाही. मग पिनेची गोष्ट. गोल पिनेतून प्रत्येक बटण दाबल्याबरोबर एकेक करून पुढं जातं, त्यामुळे पिनेपुरतं म्हणाल तर कितीही दाबा. साध्या चपट्या पिनेतून सगळ्यांची मोट बांधून जाते, आणि त्या मोटेत बहुधा सहाच मावतात. एवढं सांगून काका चिमटा उचलत. पोरं वर निघून जात. दाबलेलं बटण गिळलं जातं हे वाक्य काकांनी आजवर हजारदा उच्चारलं असेल. प्रत्येक वेळी त्यांच्या घशाशी तीच एक गोष्ट येई आणि प्रत्येक वेळी ते ती परत खाली ढकलत. सवयीनं माणूस काहीही गिळतो.

त्या बुधवारी दुपारी त्यांची पुतणी आली. धाकट्या भावाची एकुलती एक. एकोणिसाव्यात होती. काखेत सात रंगांचे दिवे लागणारा कीबोर्ड, वायर जमिनीवर लोळत होती.

"काका, हा कोणाला लागला तर देऊन टाका."

"का गं? दुसरा घेतलास?"

"खेळणं सोडलं."

काकांनी चिमटा खाली ठेवला. रविवारी वरच्या हॉलमध्ये तिची निवडचाचणी होती. पाच जणांचा संघ, त्यात एक जागा रिकामी. दोन महिने ती कॉलेजवरून परस्पर वर यायची, जाताना दुकानात डोकावायची. 'बघाच तुम्ही' म्हणायची.

"काय झालं रविवारी?"

"ऐनवेळी हात चुकला."

ते शब्द तिचे नव्हते. काकांना ते शब्द कोणाचे आहेत ते पक्कं ठाऊक होतं. तीस वर्षं ते दुसऱ्या एका तोंडून ऐकत आले होते.

"कुठं चुकला? दाखव."

"धावता धावता डावीकडं वळून उडी मारायची असते. तीन बटणं धरायची आणि चौथं दाबायचं. मी दाबते हो काका, पण दाबलं जात नाही. तीनदा तसंच झालं. बाबा म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस, आपल्याकडे हातच असे. माझ्यावर गेलीस."

काकांनी तिचा कीबोर्ड स्वतःच्या संगणकाला लावला. दाबलेलं बटण पडद्यावर हिरवं दिसेल असा एक नकाशा त्यांच्याकडे होता. त्यांनी तिनं सांगितलेली तीन बटणं धरली. तीन चौकोन हिरवे झाले. मग चौथं दाबलं. काही नाही. जोर लावून दाबलं. काही नाही.

"हे बघ. हे माझं बोट आहे. पन्नाशीला आलेलं, पण दाबतंय ना?"

"दाबतंय."

"दिसतंय का?"

"नाही."

"बोटाचं काही नाही. आत झडपा नाहीत याला. नुसते दिवे आहेत."

ती पडद्याकडे बघत राहिली. आनंद होईल असं काकांना क्षणभर वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"परत घेतील का निवड?"

"विचारून बघ."

"बघितलं कालच. त्यांचे पाच झाले." ती उठली. "मग आता हे कळून मी काय करू, काका? बाबांना सांगितलं तर म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं. त्यांचं ते भोंग्याचं तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे," काका म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी शटर अर्धं ओढलं. भरदुपारी, ऐन धंद्याच्या वेळी.

भोंग्याचं असं होतं.

त्यांचे वडील धुलाईच्या कारखान्यात बॉयलरवर होते. कारखान्याच्या मागं दोन खोल्या, वाफेनं भिंतींचे पोपडे कायम सुटलेले. त्या घरात सगळं शर्यतीनं ठरायचं. नळाला आधी हात कोण लावतो, खिडकीजवळ कोण झोपणार, निरोप घेऊन कोण जाणार. वडिलांना कोणाला नाही म्हणता येत नसे, म्हणून त्यांनी ही रीत पाडली होती. "पळा. जिंकेल त्याचं." बहुतेक वेळा धाकटा जिंके. तो एका जागी ठरतच नसे, म्हणून त्याला सगळे पारा म्हणत. दोघांत दोन वर्षांचं अंतर, पण पळताना धाकटा थोरल्याच्या चार पावलं पुढं.

मग एकदा मामा आले. दुसऱ्या शहरात त्यांचा संगणक दुरुस्तीचा वर्ग होता. जुना झालेला एक संगणक त्यांनी या घरात आणून टाकला आणि जाताना म्हणाले, "एका पोराला माझ्याकडे पाठवा. शिकवतो. दोघांना नाही जमायचं, खाट एकच आहे."

वडील रात्रभर कूस बदलत राहिले असावेत. सकाळी म्हणाले, "मला कोणाला नाही म्हणायला लावू नका. तुमचं तुम्ही ठरवा."

पोरांनी ठरवलं. त्या संगणकात मोटारींचा एक खेळ होता, दोघांनी एकाच कीबोर्डावर खेळायचा. थोरला उजवीकडे बसे, त्याचे बाण. पारा डावीकडे बसे, त्याचा डावा हात अक्षरांवर: डब्ल्यू म्हणजे वेग, ए म्हणजे डावं वळण. खालची लांब पट्टी म्हणजे थोरल्याच्या मोटारीचा भोंगा. त्याचा उपयोग काहीच नव्हता, नुसतं पीं वाजायचं. पाच फेऱ्या खेळायच्या. जो तीन जिंकेल तो मामाकडे.

पहिल्या दोन पाऱ्यानं जिंकल्या, त्याही हसत हसत. तिसऱ्यातही तो पुढं होता. आता संपलंच म्हणून थोरल्यानं रडकुंडीला येऊन वेगाच्या बाणाबरोबर भोंग्याची पट्टी दाबून धरली. पीं. आणि समोर डाव्या वळणावर पाऱ्याची मोटार वळायची सोडून सरळ जाऊन भिंतीवर आपटली.

"अरे! मी दाबलं होतं!" पारा ओरडला.

"दाबलं असतंस तर वळली असती."

चौथ्या फेरीत त्याच वळणावर पुन्हा भोंगा वाजला आणि पुन्हा तेच झालं. चौथ्या फेरीतला भोंगा सहज दाबला गेला की मुद्दाम, हे थोरल्यानं पुढं कित्येक वर्षं स्वतःला नीट विचारलं नाही. पाचवीबद्दल मात्र विचारण्यासारखं काही नव्हतं. पाचव्या फेरीत वळण यायच्या आधीपासून त्याचा अंगठा पट्टीवर तरंगत होता. का होतं ते त्याला कळत नव्हतं. होतं एवढं कळत होतं.

हरल्यावर पारा रडला नाही. त्यानं आपला डावा हात पालथा-उताणा करून पाहिला.

"दादा, भोंगा वाजला की माझा हात थिजतो रे. ऐनवेळी."

"होतं असं," थोरला म्हणाला.

मामांकडे चौथ्या महिन्यात कीबोर्डाचा धडा आला. मामांनी फळ्यावर उभ्या-आडव्या रेघा काढल्या, एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर ठिपके दिले आणि चौथ्यावर फुली मारली. वर्गात अकरा पोरं होती. दहांनी ते वहीत उतरवून घेतलं. अकराव्याच्या हातातून पेन्सिल खाली पडली. त्या आठवड्यात त्यानं घरी लांबलचक पत्र लिहिलं. मामीचा स्वभाव, खाटेतले ढेकूण, पायाला झालेला फोड, सगळं लिहिलं. ते एवढं एक लिहायचं राहिलं. पुढच्या पत्रात लिहू म्हणाला. मग सुट्टीत सांगू म्हणाला. गोष्ट जितकी जुनी होत गेली तितकं तिचं वजन वाढत गेलं, आणि तिला हात लावायची छाती होईना.

तिकडे पारा धुलाईत लागला. वडिलांच्या मागं बॉयलरची जागा त्याला देत होते. तो नाही म्हणाला. "ऐनवेळी झडप फिरवायची असली आणि हात चुकला तर? माणसं भाजतील." मग गाडी चालवायला शिकवतो म्हणाले. त्यालाही नाही, रस्त्यावर भोंगे वाजतात. शेवटी चादरींच्या घड्या घालायला बसवलं. पाऱ्याचं नाव कधी पुसलं गेलं कळलं नाही, कामावरचे त्याला 'सावकाश' म्हणू लागले. काही उचलायचं झालं की तोच आधी म्हणे, सावकाश, सावकाश. डावा हात बहुतेक वेळ खिशात. मुलगी झाली तेव्हा त्यानं तिला उभ्यानं कधी घेतलं नाही. बसायचा, मांडीवर उशी ठेवायचा, मग म्हणायचा, "आता द्या."

आणि जिंकलेल्याचं काय झालं? ते टेबल, तो चिमटा आणि दुसऱ्यांचा बिस्किटाचा चुरा. एवढ्यासाठी भोंगा वाजवला होता.

शनिवारी धुलाई दोन वाजता सुटते. तीनच्या सुमाराला काका भावाच्या घरी पोचले. तिसरा मजला, जिना अरुंद. पिशवीत दोन कीबोर्ड होते. एक नवा, झडपांचा, पुतणीसाठी. दुसरा तोच जुना, जाड गोल पिनेचा. आईवडिलांच्या मागं घर रिकामं केलं तेव्हा काकांनी तो मागून घेतला होता आणि दुकानात वरच्या फळीवर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला होता.

"भावोजी, हा काय पाटा उचलून आणलात?" भावजय म्हणाली. "मसाला वाटायचाय का?"

"अगं, हा आमचा!" धाकटा खाटेवरून उठला. "दादा, अजून आहे हा तुझ्याकडे? हे बघ, एस्केपवर मी खिळ्यानं रेघ मारली होती. आहे अजून!"

तो इतका खुलला की काकांना वाटलं चहा घ्यावा, जुन्या चार गोष्टी बोलाव्यात आणि परत जावं. पण पुतणी भिंतीला टेकून उभी होती आणि त्यांच्याकडेच बघत होती.

"तुझा लॅपटॉप दे," काका तिला म्हणाले.

जाड पिन आता कुठंच बसत नाही. काकांनी तिला आधी जाड-ते-बारीक जोडणी लावली, तिच्यापुढं बारीक-ते-चपटी, आणि वायर पुरेना म्हणून पुढं आणखी एक तुकडा. टेबलावर आगगाडीसारखी रांग झाली. मग पडद्यावर तो हिरव्या चौकोनांचा नकाशा उघडला.

"बस इथं. डावीकडे. तुझ्या जागेवर."

"आता काय शर्यत लावतोस?" धाकटा हसत बसला.

"डब्ल्यू धर. हां. आता ए दाब."

त्यानं उजव्या हातानं दाबायला घेतलं.

"डाव्यानं."

डावा हात खिशातून बाहेर आला. दोन्ही चौकोन हिरवे झाले.

"आता सोड. परत डब्ल्यू धर. मी माझा बाण धरतो. आणि ही भोंग्याची पट्टी. आता दाब ए."

त्यानं दाबलं. पडद्यावर तीनच चौकोन हिरवे राहिले. पुन्हा दाबलं. ए काळाच. खाली कुठंतरी बादली सरकवल्याचा आवाज झाला.

धाकट्यानं हात उचलून पालथा केला, उताणा केला. मग हसला.

"बघ. अजून तसाच आहे."

"नाही रे!" काकांचा आवाज चढला. "तुझा हात नाही. आता मी दाबतो, बघ, माझ्या बोटानं दाबतो. दिसलं? नाही दिसत. कोणीही दाबलं तरी नाही दिसणार. हा कीबोर्ड माझा बाण, माझा भोंगा आणि तुझा वेग एकदम घेतो आणि तुझं वळण गिळतो. आतल्या तारा तशा आहेत. तेव्हाही होत्या. तू दाबलं होतंस. प्रत्येक वेळी दाबलं होतंस."

धाकटा पुढं वाकून जोडण्यांची रांग बघू लागला. एकेक बोटानं चाचपली.

"एवढ्या जोडण्या लावल्यास. यातच कुठंतरी अडकत असेल."

"नाही अडकत."

"तूच सांगायचास ना, चपट्या पिनेत सहाच मावतात."

"सहा मावतात. इथं चारच आहेत."

"आणि तीस वर्षांचा जुना तो. आतून गंजला नसेल कशावरून? माणूस गंजतो."

"मला मामांकडे शिकवलं हे. फळ्यावर काढून. चौथ्या महिन्यात." काकांना वाटलं होतं की हे वाक्य बोलताना छाती फुटेल. ते साध्या आवाजात निघालं, कोणाला तरी दुकानाची वेळ सांगावी तसं. "आणि पाचव्या फेरीत मी भोंगा मुद्दाम दाबला. तू वळणावर आपटतोस हे बघून दाबला. मी लबाडी केली. जायचं तुला होतं."

भावजय चहाचे कप घेऊन दारात थांबली होती. धाकट्यानं दादाकडे पाहिलं. त्या नजरेत राग यावा म्हणून काका वाट बघत राहिले. तीस वर्षं ते त्या रागाची तयारी करत होते.

"दादा," तो हळूच म्हणाला, "पोरीसाठी करतोयस ना हे?"

"काय?"

"ती हरली, खचली. मी तिला माझं उदाहरण दिलं, ते तुला आवडलं नाही. बरोबर आहे तुझं. नव्हतं द्यायला पाहिजे. पण म्हणून तू असं स्वतःवर घ्यायचं?"

"मी स्वतःवर घेत नाहीये. ते माझंच आहे!"

"मुद्दाम दाबला म्हणे! तुला तेव्हा या कीबोर्डाची पिन कुठं लावतात ते ठाऊक नव्हतं. मीच लावून द्यायचो." तो बायकोकडे वळला. "ऐकलंस? जिंकलेला माणूस घरी येऊन सांगतो, मी लबाडी केली. कशासाठी? तर धाकट्याला बरं वाटावं. आमचा दादा असाच. लहानपणीसुद्धा खिडकीची जागा जिंकला तरी मलाच द्यायचा."

तसं काकांनी एकदाही केलं नव्हतं.

भावजयीनं कप ठेवले आणि डोळे पुसले. "देवमाणूस आहात, भावोजी."

काकांनी पुन्हा तोंड उघडलं. काय सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. तेच आणखी मोठ्यानं सांगता आलं असतं. त्यांनी चहा घेतला. गोड होता.

पुतणी मात्र तोवर टेबलाशी येऊन उभी राहिली होती. तिनं एका हातानं बाण आणि पट्टी धरली, दुसऱ्या हातानं डब्ल्यू धरून ए दाबलं. मग पट्टी सोडून दाबलं; ए हिरवं झालं. मग परत पट्टी धरून. असं चारपाचदा केलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग तिनं सगळ्या जोडण्या एकेक करून सोडवल्या, जुना कीबोर्ड चादरीत गुंडाळला आणि पिशवीत भरला.

ती जिना उतरत सोडायला आली. दुसऱ्या वळणावर थांबली.

"खरं आहे ना, काका?"

"खरं आहे."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"सांगितलं ना. चौथ्या महिन्यापासून."

तिनं मनातल्या मनात वर्षं मोजली असावीत. काकांनी पिशवीतून नवा कीबोर्ड काढला. "हा तुझ्यासाठी. आत झडपा आहेत. सगळी बटणं घेतो."

"घेत असेल." तिनं हात पुढं केला नाही. "बाबांना परत सांगू नका. आज ते खूश आहेत. पुढच्या वेळी चुकून विश्वास बसला तर काय करायचं त्यांनी?"

"आणि तू?"

"मी काय." ती वर जायला वळली. "मला दोन्ही गोष्टी माहीत आहेत आता. माझा हात चांगला आहे. आणि त्यानं काही होत नाही."

काका पायऱ्या उतरू लागले. वरून, उघड्या दारातून धाकट्याचा आवाज येत होता. तो पोरीला जवळ बसवून समजावत असावा. त्याचा आवाज आज मोकळा होता, इतक्या वर्षांत नव्हता तेवढा. "अगं, हरायचं मनाला लावून घेऊ नये. तुझा काका तेव्हा मला काय म्हणाला होता, माहीत आहे? बाकी कोणी काही बोललं नाही, तोच बोलला. म्हणाला, होतं असं. बास. दोन शब्द. मला त्यानं किती धीर आला."

खाली रस्त्यावर आल्यावर काकांनी वर पाहिलं. धाकटा सज्जात येऊन उभा होता.

"दादा, सावकाश जा रे!"

उजवा हात त्यानं उंच केला होता. तेवढ्यात कोपऱ्यावर धुलाईच्या गाडीनं भोंगा दिला. सज्जातला माणूस दचकला, उंचावलेला हात तसाच राहिला, आणि दुसरा, जो मघाशी टेबलावर अर्धा तास बाहेर होता, तो खिशात गेला.